महाराष्ट्रातला एक शेतकरी आणि इंटरनेटचे नियम

या मालिकेत आपण तह पाहिले, सनदा पाहिल्या, जमिनीचे करारनामे पाहिले. आजची गोष्ट इतकी अलीकडची आहे की तिला इतिहास म्हणायला काही जण तयार होणार नाहीत. पण 2015 साल आता शाळकरी मुलांसाठी इतिहासच आहे, आणि त्या वर्षी सुरू झालेल्या वादातून जे ठरलं त्यावर तुमचा-माझा मोबाईल आजही चालतो.

28 डिसेंबर 2015. देशातल्या एका मोठ्या इंग्रजी दैनिकात फेसबुकचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांचा लेख आला. विषय होता त्यांची ‘फ्री बेसिक्स’ ही योजना. काही निवडक संकेतस्थळं गरिबांना फुकट, बाकीच्या इंटरनेटला पैसे. त्या लेखात महाराष्ट्रातला एक शेतकरी होता. तो या योजनेतून हवामान बघतो, शेतमालाचे भाव बघतो, असं वर्णन होतं. मी भिलाईत बसून तो लेख वाचला आणि पहिला विचार आला तो असा, की आपला माणूस जगभरच्या वादात पोचला खरा, पण पोचला तो दुसऱ्याच्या तोंडून आणि दुसऱ्याच्या भाषेत.

हा वाद काय होता ते आधी सांगतो. वीज मंडळ तुमच्या पंख्याची कंपनी पाहून युनिटचा दर ठरवत नाही. तसंच मोबाईल कंपनीनं तुम्ही कोणतं संकेतस्थळ उघडता ते पाहून दर ठरवू नये, वेगही कमी-जास्त करू नये. याला नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात, आपण इंटरनेटची समानता म्हणू. फुकट मिळतंय ते वाईट कसं, हा प्रश्न तेव्हा घरोघर विचारला गेला, आणि तो अजिबात मूर्खपणाचा नव्हता. ज्याच्याकडे महिन्याला शंभर रुपयेही सुटे नाहीत त्याला तत्त्व सांगणं सोपं असतं. अडचण अशी, की फुकटच्या यादीत कोण बसणार हे एक कंपनी ठरवणार, आणि यादीबाहेरचा छोटा मराठी किंवा हिंदी संकेतस्थळवाला आपोआप महाग होणार.

सुरुवात त्याच वर्षी मार्चमध्ये झाली होती. 27 मार्चला दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ‘ट्राय’नं, सल्लामसलतीसाठी एक दस्तऐवज काढला. 118 पानं, 20 प्रश्न, भाषा सरकारी इंग्रजी. असे कागद एरवी कंपन्यांचे वकील सोडून कोणी वाचत नाही. या वेळी काही तरुणांनी ‘सेव्ह द इंटरनेट’ नावाचं संकेतस्थळ उभं केलं, वीसही प्रश्नांची उत्तरं सोप्या इंग्रजीत लिहून ठेवली, आणि बटण दाबलं की ईमेल तयार. विनोदी व्हिडिओ निघाले. एप्रिल संपेपर्यंत ट्रायकडे दहा लाखांहून जास्त ईमेल गेले.

मग ट्रायनं ते सगळे ईमेल आपल्या संकेतस्थळावर जसेच्या तसे टाकले, पाठवणाऱ्यांच्या नाव-पत्त्यांसकट. दहा लाख लोकांचे ईमेल पत्ते उघड्यावर! इंटरनेटवरचा आपला हक्क मागायला आलेल्या माणसाला मिळालेली ही पोच. आपल्याकडे तेव्हा माहिती-संरक्षणाचा स्वतंत्र कायदा नव्हता, हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

डिसेंबरमध्ये ट्रायनं दुसरा कागद काढला, या वेळी फक्त दरांतल्या भेदभावावर, चार प्रश्नांचा. फेसबुकनं वर्तमानपत्रांत पान-पानभर जाहिराती दिल्या आणि आपल्या वापरकर्त्यांना तयार मजकूर पाठवायला सांगितलं. एकूण सुमारे 24 लाख प्रतिसाद आले, त्यांतले जवळजवळ 19 लाख फ्री बेसिक्सच्या बाजूचे. संख्येवर गेलं असतं तर निकाल लागलाच होता. पण ट्रायनं म्हटलं, आम्ही चार प्रश्न विचारले होते, या मजकुरात त्यांची उत्तरं नाहीत. 21 जानेवारी 2016 रोजी दिल्लीत खुली चर्चा झाली आणि 8 फेब्रुवारीला विनियम आला: मजकूर पाहून वेगळा दर लावायला बंदी, मोडल्यास दिवसाला 50 हजार रुपये, कमाल 50 लाखांपर्यंत दंड. तीन दिवसांत फेसबुकनं भारतातली योजना गुंडाळली.

आता कोणी म्हणेल, तयार मजकूर तर दोन्ही बाजूंनी होता. होता. मला त्यातलं पहिल्या गटाचं काम जास्त प्रामाणिक वाटतं, कारण त्यांनी प्रश्न वाचून उत्तरं लिहिली होती आणि ती बदलायला मोकळीक होती. तरी दोन्हीकडे बटण दाबणारा माणूस इंग्रजी वाचणारा होता, हे नाकारता येत नाही.

युरोपात हाच वाद जवळपास त्याच वेळी चालू होता. नोव्हेंबर 2015 मध्ये युरोपीय संघानं खुल्या इंटरनेटचा विनियम केला. 2016 च्या उन्हाळ्यात नियामकांनी मार्गदर्शक तत्त्वांवर मतं मागवली तेव्हा जवळपास 4 लाख 80 हजार उत्तरं आली. आपल्या दहा लाखांच्या निम्मी, हे सांगताना थोडी छाती फुगते. शिवाय फुकट-यादीच्या योजनांना त्यांनी सरसकट बंदी घातली नाही, प्रकरणागणिक पाहू म्हणाले. त्यांच्या न्यायालयानं 2020 आणि 2021 च्या निकालांत त्या योजना नियमात बसत नाहीत असं सांगितलं. आपण साडेचार-पाच वर्षं पुढे होतो.

पण एका बाबतीत ते फार पूर्वीपासून पुढे आहेत. त्यांच्या आर्थिक समुदायाचा 1958 सालचा विनियम क्रमांक एक कशाबद्दल आहे माहीत आहे? कोळसा नाही, जकात नाही, भाषा. तेव्हा चार भाषा होत्या, आज 24 आहेत. 2018 पासून लागू झालेला त्यांचा माहिती-संरक्षणाचा नियम या चोवीसही भाषांत छापलेला आहे, आणि माल्टाचा माणूस माल्टीज भाषेत पत्र लिहून त्याच भाषेत उत्तर मागू शकतो. तिथंही सगळं सोज्वळ नाही. सल्लामसलतीचे कागद बहुधा इंग्रजीतच काढले म्हणून 2012 साली त्यांच्याच लोकपालानं युरोपीय आयोगावर ताशेरे ओढले होते. पण ताशेरे ओढायला आधार होता.

भिलाईच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. 2 फेब्रुवारी 1955 च्या करारानंतर इथं सोव्हिएत अभियंते आले, त्यांचे नकाशे रशियन, आणि कामगार छत्तीसगढी, तेलुगू, बंगाली, मराठी बोलणारे. माझे वडील विदर्भातून आलेले. ते सांगायचे, मोठ्या साहेबापेक्षा दुभाष्याची वाट जास्त पाहिली जायची. 4 फेब्रुवारी 1959 रोजी पहिली झोतभट्टी सुरू झाली ती या भाषांतरांवर. पोलाद ओतताना चुकीचा अर्थ लागला तर माणूस मरतो, म्हणून भाषांतराचा खर्च कोणी फालतू मानला नाही.

कायद्याच्या बाबतीत मात्र तो मानला जातो. 2020 साली पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या मसुद्यावर दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांत तो उपलब्ध करा. माहिती-संरक्षणाच्या कायद्यात तर उलटा प्रवास झाला. नोव्हेंबर 2022 मध्ये नवा मसुदा आला तेव्हा सरकारनं आधीच कळवलं, की आलेली मतं प्रसिद्ध केली जाणार नाहीत. 2015 मध्ये सगळं उघडं टाकलं होतं, पत्त्यांसकट. सात वर्षांनी सगळं बंद. पत्ते झाकून मतं दाखवायची, एवढी साधी मधली वाट होती. ती घेतली असती तर कंपन्यांनी काय मागितलं आणि त्यांना काय मिळालं, हे तुम्हा-आम्हाला ताडून बघता आलं असतं.

11 ऑगस्ट 2023 रोजी त्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्यात भाषेचं एक चांगलं कलम आहे, पाचवं. तुमची माहिती घेण्याआधी कंपनीनं जी सूचना द्यायची, ती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय तुम्हाला द्यायचा. म्हणजे भिलाईत राहूनही मला ती मराठीत मागता येईल. छत्तीसगढी या अनुसूचीत नाही. राज्याच्या विधानसभेनं 2007 साली तिला राजभाषा केलं, 2018 मध्ये राज्य सरकारनं इथल्या लाखो बायकांना फुकट स्मार्टफोनही वाटले. आमच्या गल्लीत भाजी घेऊन येणाऱ्या बाईकडे त्यातलाच एक आहे.