लक्झेंबर्गची शाळा

युरोपीय कोळसा व पोलाद समुदायाचे कार्यालय १९५२ साली लक्झेंबर्गला आले. सहा देशांच्या कर्मचाऱ्यांनी मुलांना कोणत्या भाषेत शिकवावे? पालकांनीच पुढाकार घेतला आणि ऑक्टोबर १९५३ मध्ये शाळा सुरू झाली.

अक्षरओळख व गणित ज्याच्या त्याच्या मातृभाषेत. जर्मन, फ्रेंच, इटालियन व डच असे विभाग. दुसरी भाषा प्राथमिक वर्गांपासूनच जोडीला. (इंग्रजीपायी पहिल्याच इयत्तेत उर्दू वा मराठी सोडविणाऱ्या आपल्या पालकांनी हा क्रम जरूर पाहावा.) वरच्या वर्गांत मात्र इतिहास-भूगोल दुसऱ्या भाषेत, निरनिराळ्या देशांची मुले एकत्र बसवून. जर्मनी आणि फ्रान्स आठच वर्षांपूर्वीपर्यंत युद्धात होते, हे येथे ध्यानी घ्यावे.

शाळेच्या सनदेवर सहा सरकारांच्या सह्या एप्रिल १९५७ मध्ये झाल्या. तोवर साडेतीन वर्षे वर्ग भरतच होते.