२.१४ नंतर एकही अलार्म आला नाही

१४ ऑगस्ट २००३, गुरुवार. अमेरिकेतलं ओहायो राज्य. अ‍ॅक्रनमधल्या फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये एक्सए/२१ नावाचं सॉफ्टवेअर चालू होतं. हजारो तारा आणि ब्रेकर यांच्या घडामोडी टिपायच्या आणि काही बिघडलं की अलार्म द्यायचा, हे त्याचं काम.

दुपारी १२.१५
ग्रिडवर देखरेख ठेवणाऱ्या ‘मिसो’ या संस्थेत ग्रिडच्या स्थितीचा हिशोब मांडणाऱ्या प्रोग्रॅमची उत्तरं चुकू लागली. तज्ज्ञाने त्याचं आपोआप चालणं बंद करून दुरुस्ती केली, पण ते पुन्हा सुरू करायचं विसरून तो जेवायला गेला.

१.३१
एरी सरोवराकाठच्या ईस्टलेक केंद्रातला पाच नंबरचा संच ट्रिप झाला. एवढ्याने ग्रिड कोसळत नसतं.

२.१४
माझ्या मते खरा अपघात इथे झाला. एक्सए/२१ मध्ये दोन प्रक्रियांनी एकाच क्षणी एकाच नोंदीवर लिहायला घेतलं. नोंद बिघडली आणि अलार्मचा प्रोग्रॅम तिच्यातच फिरत राहिला. नव्या घटना मागे तुंबू लागल्या. पडद्यावर काहीच दिसेना, आणि अलार्म नाही म्हणजे सगळं ठीक, असंच ऑपरेटर समजले. त्यांना दोष देणं मला पटत नाही. आपण थांबलो आहोत, हे सांगण्याची सोयच त्या यंत्रणेत नव्हती.

२.३२
शेजारच्या एईपी कंपनीचा फोन आला : स्टार–साउथ कॅन्टन लाइन २.२७ ला ट्रिप होऊन पुन्हा जोडली गेली, तुमच्याकडे दिसलं का? इकडे कसलीच नोंद नव्हती.

२.४१
तुंबलेल्या नोंदींसह मुख्य सर्व्हर बसला. काम राखीव सर्व्हरवर गेलं आणि अडकलेला प्रोग्रॅमही सोबत गेला. तेरा मिनिटांत तोही बंद. एरवी एक ते तीन सेकंदांत बदलणारा पडदा आता ५९ सेकंदांपर्यंत वेळ घेऊ लागला.

३.०५
हार्डिंग–चेंबरलिन ही ३४५ केव्हीची लाइन ट्रिप झाली. भार क्षमतेच्या अवघा ४४ टक्के होता, पण खाली छाटणी न झालेलं झाड वाढलं होतं. तीनच मिनिटांनी आयटीवाल्यांनी सर्व्हर पुन्हा चालू केला. अलार्म येताहेत का, हे मात्र ऑपरेटरना कुणी विचारलं नाही.

३.३२
हॅना–जुनिपर लाइन, पुन्हा झाड.

३.४१
स्टार–साउथ कॅन्टन कायमची गेली. पुढच्याच मिनिटाला अलार्म बंद असल्याचं ऑपरेटरच्या तोंडून आयटीपर्यंत पोचलं. सगळी यंत्रणा मुळापासून बंद करून चालू करायचा विषय निघाला. परिस्थिती नाजूक आहे म्हणून तो मागे पडला. अजूनही हातात एक उपाय होता. क्लीव्हलँड–अ‍ॅक्रन पट्ट्यात सुमारे १,५०० मेगावॅटचं लोडशेडिंग केलं असतं, तर पुढचं टळलं असतं, असं चौकशीत निघालं. पण डोळ्यांसमोर चित्रच नसताना इतक्या लोकांची वीज कोण तोडणार?

४.०५
सॅमिस–स्टार लाइन क्षमतेपेक्षा जास्त भाराने गेली. इथून पुढे माणसाच्या हाती काही उरलं नाही.

४.१३
न्यूयॉर्क, डेट्रॉइट, क्लीव्हलँड, टोरांटो : सगळीकडे अंधार. २६५ वीज केंद्रांतले पाचशेहून अधिक संच बंद, सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. क्लीव्हलँडमध्ये पंप थांबल्याने पाणीही गेलं.

मग चौकशी करणारे नोंदी गोळा करायला बसले. ठिकठिकाणच्या नोंदयंत्रांची घड्याळंच एकमेकांशी जुळत नव्हती. कुठली लाइन आधी गेली, हे ठरवण्यासाठी हजारो घटना एकेक करून जुळवाव्या लागल्या. सॉफ्टवेअरमधला तो दोष सापडायलाही कित्येक आठवडे गेले. एप्रिल २००४ च्या अंतिम अहवालात नोंदयंत्रांच्या वेळा जुळवणं सक्तीचं करा, अशी स्वतंत्र शिफारस आहे.