जपानी महायंत्रमानवांच्या जुन्या चित्रमालिका : एक पुनर्विचार

जपानमध्ये १९६३ ते १९८० या काळात दूरचित्रवाणीसाठी महायंत्रमानवांच्या ज्या चित्रमालिका निर्माण झाल्या, त्या आज पाहण्यास योग्य आहेत काय, हा प्रश्न वरवर केवळ रुचीचा वाटतो. वस्तुतः तो इतिहासाचा प्रश्न आहे. मुलांच्या करमणुकीसाठी व खेळण्यांच्या खपासाठी रचलेल्या या कृतींत एका पराभूत राष्ट्राचे युद्धविषयक चिंतन उतरले असेल, तर ‘कालबाह्य’ म्हणून त्यांना दूर सारणे म्हणजे एका मोलाच्या साधनाकडे पाठ फिरवणे होय. उलटपक्षी, केवळ जुन्या म्हणून त्यांचा गौरव करणे हेही समीक्षेस शोभणारे नाही.

प्रथम आक्षेपांचा विचार करणे इष्ट. दर आठवड्यास एक नवे शत्रुयंत्र अवतरते, नायकास क्षणभर संकटात टाकते आणि अर्ध्या तासाच्या आत नष्ट होते. उड्डाणाची वा यंत्रांच्या जुळणीची तीच ती दृश्ये प्रत्येक भागात पुन्हा येतात. स्त्रीपात्रे बहुधा दुय्यम राहतात. हे आक्षेप खरे आहेत. तथापि त्यांची कारणे निर्मितीच्या व्यवस्थेत दडलेली आहेत. प्रत्येक चित्र पारदर्शक पत्र्यावर हाताने रंगवून त्याचे छायाचित्रण करावे लागे. आठवड्याची मुदत चुकवता येत नसे. म्हणून चित्रांची संख्या कमी ठेवणे आणि एकदा काढलेले दृश्य पुनःपुन्हा वापरणे अपरिहार्य ठरले. १९७४ साली ‘चोगोकिन’ या नावाने ‘माझिंगर झेड’चे धातूचे खेळणे बाजारात आले. त्यानंतर यंत्राचा आकार, त्याची शस्त्रे आणि त्याचे सुटे होणारे भाग यांवर खेळण्यांच्या व्यापाराचा प्रभाव उत्तरोत्तर वाढत गेला.

या बंधनांतूनच आशयाचा जो विकास झाला, तो पाहण्यासारखा आहे. या परंपरेचा आरंभ मित्सुतेरू योकोयामा यांच्या ‘तेत्सुजिन २८-गो’ या १९५६ साली सुरू झालेल्या चित्रकथेत सापडतो. तिची चित्रमालिका ऑक्टोबर १९६३ मध्ये आली. यातील लोहमानव हे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जपानी सैन्यासाठी योजिलेले अस्त्र आहे. युद्ध संपले, पण अस्त्र उरले. ते आता एका मुलाच्या हातातील दूरनियंत्रकावर चालते. यंत्रास स्वतःची सदसद्विवेकबुद्धी नाही. नियंत्रक शत्रूच्या हाती पडला तर तेच यंत्र शत्रूचे होते. शस्त्राची नीती शस्त्रात नसून ते धारण करणाऱ्यात असते, हा विचार येथे बालकथेच्या सोप्या रूपात मांडला गेला आहे.

डिसेंबर १९७२ मध्ये सुरू झालेल्या, गो नागाई यांच्या ‘माझिंगर झेड’ने एक निर्णायक बदल केला. ९२ भागांच्या या मालिकेत नायक कोजी यंत्राच्या मस्तकात बसून ते चालवतो. दूरनियंत्रकाचे अंतर नाहीसे झाले; यंत्राचा आघात चालकाच्या देहास जाणवू लागला. या सामर्थ्याने तू देवही होऊ शकशील आणि दैत्यही, असे कोजीचा आजोबा त्यास बजावतो. मालिका या इशाऱ्याचा पाठपुरावा फारसा करीत नाही. परंतु पुढील दिग्दर्शकांसाठी प्रश्न मांडून ठेवते.

त्या प्रश्नास योशियुकी तोमिनो यांनी हात घातला. त्यांच्या ‘झँबॉट ३’ (१९७७) या मालिकेत यंत्रमानवांच्या झुंजीत घरे उद्ध्वस्त होतात, लोक निर्वासित होतात आणि रक्षणकर्त्या कुटुंबासच दोष देतात. शत्रू पकडलेल्या माणसांच्या शरीरात स्फोटके ठेवून त्यांना परत पाठवतो. अखेरीस, ज्यांच्यासाठी तू लढलास ते त्या योग्यतेचे आहेत काय, असा प्रश्न शत्रूकडूनच बालनायकास केला जातो. पूर्वीच्या मालिकांत पार्श्वभूमीवर कोसळणाऱ्या इमारती रिकाम्या भासत. येथे त्यांत माणसे राहतात.

एप्रिल १९७९ मध्ये आलेल्या ‘मोबाइल सूट गंडम’मध्ये याच विचाराची परिणती दिसते. येथे शत्रू परग्रहावरील दैत्य नसून अंतराळातील वसाहतींत राहणारी माणसेच आहेत. त्यांच्यातही निष्ठा, शोक आणि सत्तास्पर्धा आहे. यंत्रमानव हे केवळ सामूहिक उत्पादनाचे युद्धसाहित्य. एका भागात बालनायक आमुरो मातेच्या भेटीस जातो व तिच्यादेखत शत्रुसैनिकावर गोळी झाडतो. तेव्हा मातेस सुटकेपेक्षा पुत्राच्या बदललेल्या स्वभावाचे भय अधिक वाटते. योजलेल्या ५२ भागांऐवजी ४३ भागांवर ही मालिका आटोपती घ्यावी लागली. पुनःप्रक्षेपण, १९८० पासूनच्या जोडणीच्या प्लॅस्टिक प्रतिकृती आणि १९८१-८२ मधील तीन चित्रपट यांमुळे तिची कीर्ती मागाहून वाढली. ज्या व्यापाराने या कलेस बांधून ठेवले, त्यानेच तिला जगवलेही, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

जपानबाहेरील स्वीकारही उद्बोधक आहे. फिलिपीन्समध्ये लोकप्रिय झालेल्या ‘व्होल्टेस फाइव्ह’वर मार्कोस यांच्या शासनाने १९७९ साली हिंसाचाराचे कारण देऊन बंदी घातली. अत्याचारी साम्राज्याविरुद्धच्या बंडाची ही कथा पुढे तेथील एका पिढीच्या स्मृतीत हुकूमशाहीच्या काळाशी जोडली गेली. २०२३ साली त्याच देशात तिचे नटांसह नवे रूप दूरचित्रवाणीवर आले. कृतीचा अर्थ तिच्या कर्त्यांच्या हेतूपुरता मर्यादित राहत नाही, याचे हे ठळक उदाहरण होय.

सारांश, या मालिका सरसकट पाहाव्यात असे म्हणता येणार नाही. ‘माझिंगर झेड’चे निवडक भाग तिचे स्वरूप कळण्यास पुरेसे आहेत, ‘झँबॉट ३’ मात्र २३ भागांचीच असल्याने व तिचा परिणाम क्रमाने साठत जात असल्याने संपूर्ण पाहणेच योग्य. ‘गंडम’चे तीन चित्रपट कथानक देतात, पण युद्धातील दैनंदिन थकवा मूळ मालिकेतच अनुभवास येतो. चित्रांची हालचाल आज तोकडी वाटेल. परंतु दूरनियंत्रक हाती धरलेल्या मुलापासून मातेसमोर गोळी झाडणाऱ्या मुलापर्यंतचा सोळा वर्षांचा प्रवास ज्याने पाहिला नाही, त्यास युद्धोत्तर जपानने आपल्या मुलांना युद्धाविषयी काय सांगितले, हे पूर्णतः उमगणे कठीण आहे.