दोन खंजीर, एक टोपी आणि एक चेहरा

रोमन सुवर्णनाण्याला ‘ऑरियस’ म्हणत. जेमतेम आठ ग्रॅम वजनाच्या अशाच एका ऑरियसवर एका खुनाची तारीख कोरलेली आहे, आणि तीही अभिमानाने.

इ.स.पू. ४४ च्या १५ मार्चला ब्रूटस, कॅशियस आणि त्यांच्या साथीदारांनी ज्युलियस सीझरची हत्या केली. पुढे रोम सोडून पूर्वेकडे गेलेल्या ब्रूटसने इ.स.पू. ४२ च्या सुमारास, फौजेबरोबर फिरणाऱ्या टांकसाळीत, हे नाणे पाडून घेतले.

मागील बाजूस दोन खंजीर आहेत, त्यांच्यामध्ये एक गोलसर टोपी आणि खाली ‘एइड मार’ ही अक्षरे; म्हणजे मार्च महिन्याचा ‘आयडीज’, १५ तारीख. ही टोपी साधी नव्हे. गुलामाला मुक्त केले की तो ती डोक्यावर चढवी. एका शब्दाचेही वाचन न येणाऱ्या सैनिकाला अर्थ उमगावा अशी ही योजना : खंजिरांनी रोमला दास्यातून सोडवले. खंजिरांच्या मुठी वेगवेगळ्या आहेत. त्यांत ब्रूटस व कॅशियस यांची शस्त्रे पाहणे मोहक आहे, पण तो तर्कच.

खरी गोम पुढील बाजूस आहे. तिथे ब्रूटसचा स्वतःचा चेहरा आहे!

रोमच्या टांकसाळीत देव आणि दिवंगत पूर्वज यांना मान होता, जिवंत माणसाला नव्हे. हा संकेत सीझरच्या चेहऱ्याने मोडला तो हत्येच्या अवघ्या काही आठवडे आधी. याच ब्रूटसने इ.स.पू. ५४ मध्ये टांकसाळ अधिकारी असताना नाण्यांवर स्वातंत्र्यदेवी आणि राजसत्ता उलथवणारा आपला मानलेला पूर्वज लुशियस ब्रूटस यांना स्थान दिले होते. बारा वर्षांत तो स्वतःच त्या जागी आला. यात निव्वळ ढोंग पाहणे घाईचे ठरेल. अँटनी आणि ऑक्टेव्हियन यांचेही चेहरे तोवर नाण्यांवर झळकत होते. पगार कोणाच्या हातून मिळतो हे फौजेला दिसणे भाग होते. तरीही, प्रजासत्ताकाच्या रक्षकाला सीझरचीच रीत उचलावी लागली, हे उरतेच.

हे नाणे समकालीनांच्या पश्चातही विसरले गेले नाही. तिसऱ्या शतकातील इतिहासकार डिओ टोपी आणि दोन खंजिरांचा स्पष्ट उल्लेख करतो.

इ.स.पू. ४२ मध्येच फिलिपीच्या रणांगणावर ब्रूटसचा पराभव झाला आणि त्याने आत्महत्या केली. या नाण्याच्या चांदीच्या प्रती बऱ्याच सापडतात. सोन्याच्या मात्र तीनच ज्ञात आहेत. त्यांपैकी एक २०२० मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे ४२ लाख डॉलरना विकली गेली. तिच्या मालकीचा सांगितलेला इतिहास बनावट निघाला, आणि २०२३ मध्ये ती ग्रीसला परत करण्यात आली. दुसऱ्या एका प्रतीला भोक आहे. कोणीतरी ती कधीकाळी गळ्यात घातली असावी.