कलश आधी की गुढी आधी?

आयुष्यभर मराठी शिकविलेल्या माणसाने अग्निबाणांवर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु या विषयाकडे मला एका क्रियापदाने नेले. आपण गुढी 'उभारतो', तेव्हा काठी आडवी असतानाच तिला वस्त्र आणि कलश बांधतो. देवळाचा कलश मात्र शिखर उभे राहिल्यावरच वर चढतो. प्रक्षेपकावर उपग्रह बसविण्याच्या पद्धतीही नेमक्या ह्याच दोन आहेत.

रशियनांनी गुढीची रीत धरली. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक नेणारा बैकानूरचा अग्निबाण आडवा जुळविलेला होता. रुळांवरून मंचापाशी आणून तो उभा केला गेला. त्या रीतीत उंच इमारत लागत नाही, कझाकस्तानच्या हिवाळ्यात कामगारांना आडोसा मिळतो आणि मंच फार काळ अडत नाही. इंधन उभे केल्यावरच भरावयाचे असल्याने आडवा बाण पोकळ, म्हणून हलका असतो.

अडचण उपग्रहाची. आडवा केला की भिंतीतून बाहेर आलेल्या तुळईसारखा त्याचा सारा भार एका टोकावर लोंबकळतो. मोठे आरसे आणि नाजूक उपकरणे असलेल्या अजस्र उपग्रहाला तो ताण सोसेल अशा बेताने घडवायचे, तर वजन वाढते. म्हणून अमेरिकेच्या डेल्टा-४ हेवीचे टप्पे आडवे जोडीत, बाण उभा करीत आणि मगच टेहळणी उपग्रह माथ्यावर चढवीत. त्याचे अखेरचे उड्डाण ९ एप्रिल २०२४ रोजी झाले.

मला सर्वांत उद्बोधक वाटतो तो फ्रेंच गयानातील प्रसंग. सोयूझ तेथे आला, तेव्हा त्याचे तीन टप्पे रशियन शिरस्त्याप्रमाणे आडवेच जुळविले जात. परंतु माथ्यावरचा भाग उभ्यानेच चढविण्याची युरोपीय सवय कायम राहिली आणि त्यासाठी ४५ मीटर उंचीचा सरकता मनोरा मुद्दाम बांधावा लागला. २१ ऑक्टोबर २०११ रोजी गॅलिलिओ मालिकेचे दोन उपग्रह तेथून गेले. बैकानूरमध्ये अर्धशतक असा मनोरा न बांधता सोयूझने काम भागविले होते! तंत्रज्ञानातही घराण्याचे संस्कार असतात, असे मी म्हणतो ते यामुळेच.

आपल्या श्रीहरिकोट्यात हा प्रश्न निराळ्या कारणाने सुटला. वसंत गोवारीकरांनी ज्या घन इंधनाच्या कामात हयात घातली, ते इंधन आधीच भरलेले येते. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यातच सुमारे १३८ टन! एवढा ऐवज आडवा जोडून मग उभा करणे परवडणारे नव्हते. म्हणून खंडावर खंड रचीत बाण मंचावरच उभा राही आणि सरकता मनोरा त्याला कवेत घेई. किंमत पडे ती वेळेची. जुळणी चालू असेतो मंच अडकलेला, आणि तोही वादळांच्या किनाऱ्यावर. २००५ मध्ये दुसरा मंच आला. तेथे बाण वेगळ्या इमारतीत, उभाच, जुळवून आणतात. २२ एप्रिल २०२३ च्या पीएसएलव्ही-सी५५ पासून पहिल्या मंचासाठीही खालचे टप्पे अन्यत्र जुळू लागले. उपग्रह मात्र त्या दिवशीही मनोऱ्यातच, उभ्या बाणावर चढला.