अंगठ्याच्या मुळाचा संधिवात : शस्त्रक्रिया

मनगटातील ट्रॅपेझियम हे लहान हाड आणि त्याला जोडलेले अंगठ्याचे पहिले मेटाकार्पल हाड यांच्यामधल्या खोगीरवजा सांध्यातील कूर्चा झिजल्याने होणारा हा विकार रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत अधिक आढळतो. कूनी व चाओ यांच्या १९७७ मधील गणनेनुसार बोटाच्या टोकाशी १ किग्रॅ. जोराची चिमटी घेतली, तर या सांध्यावर सुमारे १२ किग्रॅ. भार पडतो. त्यामुळे किल्ली फिरवणे किंवा झाकण उघडणे अशी साधी कामेही दुखरी होतात.

गोंदिया जिल्ह्यात बिडी वळताना तंबाखू भरलेले तेंदूपान अंगठा व तर्जनीत गुंडाळून त्याचे टोक दुमडले जाते, तर धानाच्या रोवणीत रोपे चिमटीने चिखलात खोचली जातात. अशा श्रमांनी सांधा दुखावतो हे खरे असले, तरी झीज केवळ त्यांमुळेच होते की नाही याबाबत मतभेद आहेत.

प्राथमिक उपचार : आधारपट्टी, वेदनाशामके व स्टेरॉइडचे इंजेक्शन.

शस्त्रक्रियांचे प्रकार : कूर्चा शाबूत पण सांधा सैल असल्यास ईटन व लिटलर यांनी १९७३ मध्ये वर्णिलेली अस्थिबंधाची पुनर्रचना करतात. दोन्ही हाडे कायमची जोडून टाकण्याची शस्त्रक्रिया (सांधेजोड) तरुण कष्टकऱ्यांसाठी सुचवली जाते. तिने चिमटी भक्कम होते, मात्र तळहात सपाट टेकवणे अवघड जाते आणि काही वेळा हाडे जुळतच नाहीत.

सर्वाधिक अनुभव ट्रॅपेझियम काढून टाकण्याचा असून जर्व्हिस यांनी ही पद्धत १९४९ मध्ये प्रसिद्ध केली. मोकळ्या झालेल्या जागेत अंगठा खाली सरकून आखूड होईल, या भीतीपोटी पुढे तिला जोड देण्यात आली : फ्रॉइमसन यांनी १९७० मध्ये त्या जागी कंडरेची गुंडाळी बसवली, तर बर्टन व पेलेग्रिनी यांनी १९८६ मध्ये मनगट वाकवणाऱ्या कंडरेचा अर्धा पट्टा मेटाकार्पलच्या बुडातून ओवून अंगठ्याला आधार दिला व उरलेल्या पट्ट्याने पोकळी भरली.

काढलेल्या ट्रॅपेझियमच्या जागी बसवल्या जाणाऱ्या स्वॉन्सन यांच्या सिलिकॉन रोपणांच्या कणांमुळे सांध्यात दाह होत असल्याचे आढळल्यावर त्यांचा वापर घटला. गोलक-खोबणीच्या कृत्रिम सांध्याने हात लवकर कामाला लागतो, पण तो सैल झाला किंवा निखळला, तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

तुलना : डेव्हिस, ब्रॅडी व डायस यांनी १८३ अंगठ्यांवर यादृच्छिक चाचणी करून नुसते हाड काढणे, त्यासोबत कंडरेची गुंडाळी बसवणे आणि अस्थिबंध पुन्हा घडवणे यांची तुलना केली; २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वर्षअखेरीस वेदना, हालचाल वा ताकद यांत लक्षणीय फरक दिसला नाही. याच गटाच्या २०१२ मधील दीर्घकालीन पाहणीतही चित्र पालटले नाही, आणि २०१५ च्या कॉक्रेन आढाव्याने कोणत्याही एका पद्धतीस श्रेष्ठ ठरवले नाही. त्यामुळे साधी हाड-उच्छेदन शस्त्रक्रिया हाच तुलनेचा पाया मानणे योग्य ठरते. कृत्रिम सांध्याविषयीचा वाद मात्र मिटलेला नाही.

उपचारोत्तर काळ : हाड काढल्यानंतर साधारणतः ४ ते ६ आठवडे अंगठा प्लास्टरमध्ये किंवा आधारपट्टीत ठेवतात व नंतर व्यायाम देतात; पकड स्थिरावण्यास अनेक महिने लागतात. म्हणून हातावर पोट असलेल्या रुग्णाच्या बाबतीत रोजी किती काळ बुडेल आणि तपासणीसाठी कितीदा यावे लागेल, याचा विचार शस्त्रक्रिया ठरवतानाच करावा लागतो.

स्थानिक सोय : गोंदिया येथे २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.