फेब्रुवारीचे तीनशे रुपये

सॅलरी स्लिप नीट वाचणारे लोक कमीच. नेटचा आकडा बघायचा आणि पीडीएफ बंद! पण डिडक्शन्सच्या रकान्यात एक बारकी ओळ असते बघा : प्रोफेशनल टॅक्स, 200 रुपये. फेब्रुवारीत मात्र 300. म्हणजे वर्षाचे बरोबर 2500. घटनेने या कराला तेवढीच कमाल मर्यादा घातलीय (1988 पर्यंत ती 250 होती), म्हणून फेब्रुवारीत हिशोब जुळवून घेतात.

महाराष्ट्रात 1975 साली हा कर आला, तो रोजगार हमी योजनेसाठी. त्यामागची गोष्ट आपल्यासारख्या पगारदारांना माहीत असायला हवी असं मला वाटतं.

उदाहरणाला आष्टी घेऊ. बीडचं नव्हे, वर्ध्याचंही नव्हे. जालना जिल्ह्यातलं, परतूर तालुक्यातलं. (1972 साली जालना जिल्हाच नव्हता, तो 1981 मध्ये झाला. परतूर तेव्हा परभणीत होतं.) अशा कोरडवाहू भागात बेकारी म्हणजे नोकरी सुटणं नव्हे. सुगी संपली की शेतमजुराच्या हाताला काम नाही, आणि हे दर वर्षी.

त्यात बहात्तरचा दुष्काळ. सरकारने खडी फोडायची, रस्त्यांची, पाझर तलावांची कामं काढली. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळपास 50 लाख माणसं या कामांवर होती. मिलो आणि सुकडी हे शब्द तेव्हाचेच. माणसं जगली, पण यात एक गोची होती. सरकारने दुष्काळ जाहीर केला तरच काम निघणार, आणि पाऊस पडला की बंद. मजुराला मागायचा अधिकार असा काही नव्हताच.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी हेच उलटं केलं. 1960 च्या दशकात सांगलीच्या तासगाव भागात त्यांनी प्रयोग करून पाहिला होता. दुष्काळ असो नसो, ग्रामीण भागातल्या प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं की ते द्यायचं. 1977 मध्ये कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू. 15 दिवसांत काम नाही दिलं तर बेकारी भत्ता.

पण नुसती हमी देऊन भागत नाही, पैसा कुठून आणणार? इथे मला या योजनेचं डिझाइन आवडतं. व्यवसाय कर, शिवाय मोटार वाहन, विक्रीकर वगैरेंवरचे जादा कर, आणि जमेल तितकीच भर सरकारची. हे सगळं एका वेगळ्या निधीत. कामं मात्र अनेकांकडे : पाटबंधारे, बांधकाम, कृषी, वन, जिल्हा परिषद. जिल्हाधिकाऱ्याने मागणी बघून कामं वाटायची. थोडक्यात, मुंबई-पुण्यातल्या पगारातून आष्टीसारख्या गावातल्या नालाबंडिंगपर्यंत पोचणारी एक पाइपलाइन. पुरुषाला आणि बाईला एकच दर, त्यामुळे बायका मोठ्या संख्येने कामावर आल्या.

सगळं छान चाललं असं अजिबात नाही. खोटी हजेरी, उशिरा मजुरी, अर्धवट रस्ते, या तक्रारी जुन्याच. त्याहून खटकणारी गोष्ट म्हणजे पुढे कितीतरी वर्षं कर जमा होत राहिला आणि खर्च त्याहून कमी. दुष्काळी भागातली माणसं ऊसतोडीला, नाहीतर शहरात जातच होती! पाइपमध्ये पाणी होतं, पण गावात मागणीची नोंद करून घेणारा आणि आराखड्यातलं काम तयार ठेवणारा माणूस नसेल तर नळ उघडणार कोण? कायदा हक्क देतो, पण तो अर्ज घेऊन पोच देणाऱ्या टेबलापर्यंतच पोचतो.

2005 मध्ये संसदेने देशभर वर्षाला 100 दिवसांच्या कामाची हमी देणारा कायदा केला, त्याचं मूळ इथलंच. देशाने आपल्याकडून कल्पना उचलली, याचा अभिमान जरूर बाळगू. पण कर भरून आपलं काम संपलं असंही नको. तो निधी कुठे, किती खर्च झाला हे विचारायचा हक्क भरणाऱ्यालाही आहेच की.

आणि हो, घरात सत्तरीच्या आसपासचं कोणी असेल तर त्यांना बहात्तरबद्दल विचारा एकदा. सुकडीची चव बहुतेकांच्या लक्षात असते.